साखरेतली रेघ

घाटकोपरच्या आमच्या इमारतीत त्र्याऐंशी साली आम्ही बायकांनी एक हस्तलिखित काढलं. नाव ‘दुपार’. उत्तरा लग्नाआधी ग्रंथालयात कामाला होती. तिचा हट्ट असा, की पाककृती नकोत, भरतकामाचे नमुने नकोत. जे पुस्तक वाचलं, जो सिनेमा पाहिला, त्याबद्दलच लिहायचं. प्रत एकच. ती घरोघर फिरायची आणि दुपारची भांडी आवरली की मोठ्याने वाचली जायची, कारण वाचता न येणाऱ्याही कितीतरी जणी होत्या. ती प्रत आता कुणाकडे आहे कुणास ठाऊक.

माझं अक्षर बरं, म्हणून सगळ्यांचे लेख मीच उतरवायची. मजकूर निळ्या शाईत, मथळे लाल. शेजारची मालन कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहायची, तेही माझ्याच स्वयंपाकघरात बसून. सातवी झालेली, सावंतवाडीकडची. सासू सोनूबाई तिला एकटीला कुठे सोडत नसत, पण “सुहासिनीवांगडा जा” म्हणून माझ्यासोबत मॅटिनीला पाठवत. सिनेमा बघताना मालन रडायची नाही, हसायची नाही, नुसती बघायची. आणि मग असं लिहायची, की आपण तोच सिनेमा पाहिला का अशी शंका यावी.

त्या खेपेला तिने सासू-सुनेच्या एका सिनेमावर लिहिलं. ‘पडद्यावरची सासू सुनेला मारते, म्हणून सगळं थेटर हळहळलं. खरी सासू कशाला मारेल? ती डबा झाकताना वरच्या साखरेत बोटाने रेघ ओढून ठेवते. संध्याकाळी रेघ मोडलेली दिसली तर काही बोलत नाही. फक्त नवीन रेघ ओढते.’

उतरवताना माझा हात थांबला.

“मालन, हे ठेवू?”

“ठेव गं. माझं नाव कुठे घालतेयस? ‘एक प्रेक्षक’ लिही.”

“आणि तुमच्याकडे अंक आला की?”

“आमच्याकडे वाचणार कोण? मीच ना? तेवढं गाळीन.”

तिचा नवरा दत्ताराम पेपरातल्या क्रिकेटपलीकडे काही वाचत नसे. आणि तिने खरंच गाळलं. सोनूबाईंनी डोळे मिटून अंक ऐकला आणि “बरा आसा” म्हणाल्या.

पण अंक पुढच्या घरी, शांताबाईंकडे गेला. त्यांनी कधीतरी सोनूबाईंकडून वाटीभर साखर नेली होती, तेव्हा ती रेघ पाहिलेली. नळावर त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, “काय सोनूबाई, आज रेघ ओढली की विसरलात?” बायका फिसकन हसल्या. अंकात काय आहे ते कुणीतरी सोनूबाईंना सांगून टाकलं.

सोनूबाई अंक घेऊन थेट माझ्या दारात. मागे मालन, पांढरीफटक.

“ह्या कोणाचा अक्षर?”

“माझं.”

“लिवलंस पण तूच?”

नाही म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न कुणाला विचारला जाईल हे मला दिसत होतं. गेल्याच वर्षी मालनला एका शब्दावरून दोन महिने गावी धाडलं होतं.

“हो, मीच. साखर न्यायला आले होते, तेव्हा डबा पाहिला.”

सोनूबाई बसल्या. “मालन, वाच. माका आयकाचा आसा. आणि ह्या टायमाक एक शब्द गाळू नको.”

मालन वाचू लागली. आधी अडखळत, खालच्या आवाजात. रेघेपाशी आली तेव्हा मात्र तो मोकळा झाला. हे लिहिलेलं ती पहिल्यांदाच कुणाला वाचून दाखवत होती. शेवटची ओळ तिने कागदाकडे न बघताच म्हटली: “सुनेला साखरेची हाव नसते. तिला फक्त वाटतं, एकदा तरी डबा आपण झाकावा.”

सोनूबाई माझ्याकडे बघत नव्हत्या, सुनेकडे बघत होत्या.

“लिवता बरा,” त्या म्हणाल्या. उठल्या. “मालन, आजपासून हिच्या घराक जाऊचा नाय. पिक्चर नाय, पुस्तक नाय.” मग मला, “तुका घर आसा ना? तुझ्या घरातला लिव.”

मालनने अंक मिटून माझ्या हातात दिला. तिला गावी धाडलं नाही, एवढं मी वाचवलं. पण ती लिहायची ते माझ्या ओट्याशेजारी बसून, आणि तीच जागा गेली. तिच्या घरात तिला कागद धरायला कोपरा नव्हता.

दिवाळीच्या आधी उत्तरा जिन्यात भेटली.

“काय गं, तुझा ‘एक प्रेक्षक’ झोपला की काय? आता सगळ्यांना कळलंय तूच ती. लाजतेस कसली? दे लिहून.”

मालन कळशी घेऊन वर येत होती. आमच्याजवळ येऊन थांबली, कळशी या कमरेवरून त्या कमरेवर घेतली.

“मला नाही गं तसं येत,” मी म्हणाले.

“चल, भाव खाऊ नकोस!” उत्तरा हसली.

मालन वर गेली. पायऱ्यांवर पाणी सांडत गेलं होतं.