मामांनी कूलंटची डिग्री काढली

पिकअप दारात आली तेव्हा आमच्या घरात कुणाचंच डोकं ठिकाणावर राहिलं नाही. सेकंडहँड का असेना, पण गाडी! सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, चारी चाकांखाली लिंबं ठेवली आणि एक स्टेपनीलाही बांधलं, तिला वाईट वाटू नये म्हणून. दीर गोरक्ष टपावर चढून फोटो काढत होता. सासऱ्यांना मी मामा म्हणते. ते बॉनेटवरून असा हात फिरवत होते की गोठ्यातली जर्सी रुसली असती. आणि मी? मी फक्त स्टेअरिंगकडे बघत होते.

माझं माहेर श्रीगोंद्याचं. उसाची ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर मी कारखान्याच्या रांगेत रिव्हर्स घेऊन उभा केलाय. लायसन्स पर्समध्ये आहे. पण लग्न होऊन इथे करंजी घाटाच्या पायथ्याशी आले आणि हाताला काय लागलं? केरसुणी, किटली आणि आमच्या दूध संकलन केंद्रावरचे कॅन! नवरा ओंकार नगरला एमआयडीसीत जातो, त्याला गाडीत बसलं की झोप लागते. म्हणजे रोज दूध घेऊन घाट चढायचा आणि नगरच्या डेअरीत पोचवायचं, हे काम एक तर गोरक्ष करणार, नाहीतर मी. मला ते हवं होतं. इतकं हवं होतं की मी झोपेत पायानं क्लच दाबते, असं ओंकार सांगतो.

"वैनी, घाट हाय त्यो," गोरक्ष म्हणाला. "उसाचं वावर न्हाई."

"मग तू दाव की चढवून!" माझा आवाज शेजारच्या वस्तीपर्यंत गेला असणार.

शेवटी मामांनी निवाडा केला. "भांडू नका. एक डाव गोरक्षनं न्यायची, एक डाव निकितानं. ज्याच्या हातनं गाडी घाटात उकळनार न्हाई, त्याची किल्ली. दोघांच्याबी हातनं उकळली तर गाडी माघारी." विकणाऱ्यानं गाडी परत घ्यायचं कबूल केलं होतं, म्हणून हा थाट.

पहिली पाळी गोरक्षची. हा माणूस सगळं मोबाईलवर शिकतो. कुठल्यातरी बर्फाच्या देशातला व्हिडिओ बघून त्यानं पाण्यासारखं पातळ इंजिन ऑइल आणलं आणि मोठ्या थाटात भरलं. उरलेलं तो ब्रेक ऑइलच्या डबीत ओतायला निघाला. "तेल ते तेल!" म्हणे. मी त्याच्या हातावर सणकून चापट मारली. ब्रेकला ब्रेकचंच तेल लागतं, नाहीतर आतली रबरं फुगतात आणि घाटात गाडी थांबायचं नाव घेत नाही. "तुला मरायचं असंल तर एकटा मर, गाडीला कशाला मारतोस?" असं मी दिरालाच बोलले. आत्या पदरात तोंड लपवून हसत होत्या.

गोरक्ष रिकामे कॅन घेऊन गेला आणि एका ट्रॅक्टरच्या मागे दोरानं बांधलेला परत आला. अर्ध्या घाटातच बॉनेटमधून वाफ निघाली होती. "इंजिनच गेलंय," त्यानं जाहीर केलं. "द्या माघारी."

मामांचा चेहरा पडला. स्टेअरिंगला धड हातही लागला नव्हता आणि गाडी निघाली परत!

"माझी पाळी राह्यलीय," मी म्हणाले आणि पदर खोचला.

इंजिन गार होऊ दिलं. आधी ते पातळ तेल खाली काढलं. सीटखाली कंपनीचं पुस्तक सापडलं, त्यात लिहिलं होतं तेच डिझेलचं पंधरा-चाळीस ऑइल तिसगावहून आणून भरलं. फिल्टरही बदलला. मग रेडिएटरचं झाकण उघडलं. आत छान हिरवं कूलंट. विकणाऱ्यानं "नवंकोरं टाकलंय" म्हणून छातीवर हात ठेवला होता. रंग बघून माझाही विश्वास बसला. मी झाकण लावणार, इतक्यात मामा लॅक्टोमीटर आणि काचेची नळी घेऊन आले.

आता मामांची गोष्ट अशी आहे, की आयुष्य दुधाची डिग्री, म्हणजे घट्टपणा, काढण्यात गेलंय. केंद्रावर मशीन आलं तरी काचेचा लॅक्टोमीटर त्यांच्या खिशात असतोच. दुधात तो तरंगला तर दूध चांगलं, बुडाला तर पाणी. ताक, उसाचा रस, पाहुण्यांकडचा चहा, काहीही समोर आलं की त्यांचा हात खिशाकडे जातो.

"काढ जरा नळीत," ते म्हणाले.

"मामा, हे दूध न्हाई!"

"पातळ हाय का न्हाई? मग काढ."

मी नळीभर काढून दिलं. मामांनी लॅक्टोमीटर सोडला आणि तो टोकापर्यंत गपकन बुडाला. मामा ताडकन उठले. केंद्रावर एखाद्याच्या कॅनमध्ये पाणी सापडलं की त्यांचा जो आवाज लागतो, तोच लागला.

"पानी! निस्तं पानी हाय! रंग टाकलेलं पानी! नापास!"

मला इतकं हसू आलं की मी मडगार्डला धरून बसले. त्या विकणाऱ्या गड्यानं बोअरचं पाणी रंगवून भरलं होतं! खालची तोटी सोडली, तर चहाच्या पातेल्याला धरतात तसल्या क्षाराच्या पांढऱ्या खपल्या बाहेर पडायला लागल्या. रेडिएटर चोंदला होता, इंजिन ठणठणीत होतं. "इंजिन गेलंय म्हनं!" मी गोरक्षकडे बघून ओरडले. तो बिचारा पाइप धरून उभा होता. त्यालाच तिसगावला पिटाळून रेडिएटर धुवायची पावडर, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर आणवलं. पावडर टाकून, धुऊन, परत धुऊन, स्वच्छ पाणी येईपर्यंत आम्ही थांबलो नाही.

मग मी घट्ट कूलंटचा डबा उघडला. मामांनी पुन्हा नळी पुढे केली. या वेळी लॅक्टोमीटर बुडायलाच तयार होईना, सगळे आकडे वर ठेवून नळीत आडवातिडवा डोलायला लागला.

"आगं आगं आगं!" मामा नाचायचेच बाकी होते. "असलं दूध देनारी म्हैस कुठं मिळंल?"

मी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन उचलला आणि मामांनी माझं मनगट धरलं. "ह्ये काय?"

"निम्मं कूलंट, निम्मं पानी. असंच घालायचं असतंय."

"पानी? माझ्या डोळ्यांदेखत? निम्मं?" त्यांचा चेहरा असा झाला, जसं काही मी डेअरीच्या टँकरला नळ जोडत होते. "एवढा चांगला माल नासवतीस व्हय? तसंच घाल!"

"मामा, नुस्तं घातलं तर गारच करत न्हाई ते! डब्यावर लिहिलंय, वाचा!"

त्यांनी वाचलं. परत वाचलं. मग पाठ फिरवून उभे राहिले. "घाल. पर मी बघनार न्हाई."

मी मिसळलं आणि नळी त्यांच्या पाठीमागून पुढे सरकवली. लॅक्टोमीटर अजून आकड्यांच्या वरच! "निम्मं पानी घालूनबी हटंना!" मामा कौतुकानं म्हणाले आणि त्यांचा राग गेला. कूलंट गोड लागतं आणि जनावर चाटलं तर दगावतं, म्हणून मी जमीन धुऊन घेतली. तो लॅक्टोमीटर आणि नळीही, परत दुधात जाऊ नयेत म्हणून, कायमची गाडीच्या कप्प्यात टाकायला लावली. मग झाकण उघडं ठेवून, इंजिन चालू करून आतली हवा काढली.

दुसऱ्या दिवशी भरलेले कॅन लादून निघालो. मामा माझ्या शेजारी. मागे कॅनच्या गर्दीत गोरक्ष, सोबत पाण्याचे दोन ड्रम. गाडी उकळणार याची त्याला खात्री होती. घाट लागला. मी दुसऱ्या गिअरला आले. तापमानाचा काटा हलला, चढला, मधोमध आला.

"थांबला," मामा पुटपुटले. मग जोरात, "थांबला! थांबला गं!" वळणामागून वळण गेलं, काटा तिथेच. वर पोचलो तेव्हा मी वेड्यासारखी हसत होते आणि मामा खिडकीतून हात काढून येणाऱ्या प्रत्येक गाडीला रामराम घालत होते.

नगरला डेअरीच्या फाटकावर वॉचमननं गाडी अडवली. माझ्याकडे बघितलं, मामांकडे बघितलं, मागे गोरक्षकडे बघितलं. "गाडी उलटी लावायची हाय. डायवर कुठं गेला?"

मामांनी तोंड उघडलं, पण त्याआधी गोरक्षनं खाली उडी मारली. मी स्टेअरिंग घट्ट धरलं. आता हा "मीच" म्हणणार आणि दार उघडून मला सरकायला सांगणार.

"डायवर बसलीय की म्होरं," गोरक्ष म्हणाला. "तुमी सरका बाजूला."

आणि तो गाडीच्या मागे गेला. बॉडीवर दणादण थापा मारत, सगळ्या डेअरीला ऐकू जाईल असा ओरडायला लागला, "येऊ द्या वैनी, येऊ द्या! डावीकडं तोडा! येऊ द्या!"

मला आरशात काहीच दिसेना, डोळे भरून आले होते. त्याच्या आवाजावर गाडी मागे घेतली आणि कॅन उतरवायच्या धक्क्याला बरोबर लावली. इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि कमरेला खोचली. ती कुणी मागितली नाही.