महिपतीचा बेलभंडारा

आमच्या गावात कुत्रं भुंकलं तरी ते कुणाच्या सांगण्यावरून भुंकलं, असं विचारणारी माणसं आहेत. त्यातून ते बेचाळीस साल. पुण्याचा एक मास्तर, पकडवॉरंट निघालेला, गेणूच्या शेतातल्या खोपटात लपून होता. हे गावातल्या सगळ्या घरांना ठाऊक होतं आणि विचारलं तर कुणालाच ठाऊक नव्हतं. भाकरी आळीपाळीनं जायची. आमच्या घरूनही गेली होती.

भाताची कापणी उरकली आणि एका दुपारी पोलीस सरळ खोपटावर आले. मास्तरला नेलं, आणि तेव्हा भाकरी घेऊन गेलेल्या बजरंगलाही नेलं. बजरंग म्हणजे गेणूचा धाकटा भाऊ. पोलिसांनी वाटेत कुणालाही काही विचारलं नव्हतं. न विचारता आले म्हणजे कुणीतरी आधीच सांगितलं असणार, एवढा हिशेब गावाला पुरला. कुणी सांगितलं ते आजही कळलेलं नाही. पण तेव्हा आठ दिवसांच्या आत सगळी बोटं आमच्या दाराकडे वळली.

बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये. पण महिपती, महिपती असं गावानं त्या दिवसांत इतक्या वेळा घेतलं, की मी एकटीनं न घेऊन काय वाचणार होतं? तर महिपती. दारात उभा राहिला तर दार भरायचं. पण कुठल्याही बैठकीत बसायचा तो उंबऱ्यालगत. भजन रंगात आलं की हा उठून बाहेर. मास्तरचं काय करायचं यावर देवळात बोलणं झालं, तेव्हाही हा मधूनच उठला, घामानं निथळत होता. आणि वर दोन-तीनदा लोणावळ्याला गेलेला, कुणाला न सांगता. गेणूनं या सगळ्याची माळ ओवली आणि गावाच्या गळ्यात घातली.

मी गावाला नावं ठेवते, पण लोणावळ्याच्या फेऱ्यांचा पहिला वास मलाच आला होता. मला वाटलं, बाई आहे. पुढच्या खेपेला मी लुगडं नेसून तयार. म्हटलं, "मी बी येते. मला बी बगू द्या लोनावळा." नाही म्हणाला असता तर मी खरंच घर डोक्यावर घेतलं असतं. त्यानं पायताण चढवलं आणि पुढे निघाला.

वडगावला गाडीत चढलो. माणसं आत लोटली, दाराची वाट बुजली, आणि या एवढ्या गड्यानं माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली. ओठ पांढरे. छाती भात्यासारखी. "इठे, मी चाललो. पोरीला संबाळ," एवढंच म्हणाला. मी देवाचा धावा सुरू केला. कामशेत गेलं तशी त्याची पकड सैल झाली आणि तो लहान मुलासारखा खिडकीबाहेर बघत बसला. बाईचा संशय मी तिथेच सोडून दिला.

लोणावळ्यात तो ज्याच्याकडे जायचा तो एक म्हातारा डॉक्टर होता. त्यानं नळी लावली, पाठ ठोकली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, याचं काळीज बैलाचं आहे. मी याला प्रत्येक वेळी हेच सांगतो. हा घाबरण्याचा आजार आहे. हिवतापासारखा चढतो आणि उतरतो. माणूस त्यानं मरत नाही."

"आन औशद?"

"झोपेचं देतो कधीतरी, पण ते रोजचं नव्हे. चढायला लागलं की पाय जमिनीला टेकायचे, श्वास हळू सोडायचा आणि थांबायचं. पळालं की पुढच्या वेळी लवकर गाठतो. आणि जवळच्या माणसांना सांगायचं, हे मुख्य. लपवून ठेवलं की वाढतो."

बाकीचं सगळं महिपतीनं मनावर घेतलं. सांगायचं तेवढं नाही. घरी येताना मलाच शपथ घातली. "मावळातला गडी आन त्येला भ्या वाटतं? हासत्याल लोक."

आता गावानं महिपतीला बेलभंडारा उचलायला सांगितला होता. आमच्यात वाद मिटेनासा झाला की भैरवनाथाच्या गाभाऱ्यात जायचं, देवापुढचा बेल आणि भंडारा ओंजळीत घ्यायचा आणि काय ते बोलायचं. खोट्याचा हात थरथरतो, असं सगळे मानतात. हात थरथरला की घर वाळीत. मग विस्तव नाही, पाणी नाही, आणि आमच्या पोरीला हळद लावायला एक सवाष्ण उंबरा चढणार नाही.

आमचा गाभारा म्हणजे वाकून शिरायचं बुटकं दार, आत एक समई आणि खिडकी नाही. त्यात पंच दाटून बसणार आणि सगळे याच्या हाताकडे बघणार. खरं बोलणाऱ्याचाही हात तिथे थरथरेल, मग याचं काय?

मी आदल्या दिवशी म्हटलं, "सांगा त्यास्नी. येवडा आजार हाय म्हनावं."

"भित्रा म्हनत्याल."

"आन फितूर म्हनलेलं चालंल?"

तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "फितुराचा लोक राग करत्यात, इठे. भित्र्याला हासत्यात."

मला इतका संताप आला, की मी त्या बैलाशीसुद्धा दोन दिवस बोलले नसते.

रविवारी सकाळी सगळं गाव देवळापुढे. बायका एका अंगाला. महिपती गाभाऱ्याच्या दारापाशी वाकला आणि तसाच राहिला. पुढे पाऊल नाही, मागे नाही. सदरा पाठीला चिकटलेला मला लांबून दिसत होता.

"बगा!" गेणू ओरडला. "द्येवाम्होरं जाईना त्यो! अजून काय पायजे?"

मी कधी पुढे आले ते मलाच कळलं नाही. दत्तोबा आबा गावात सगळ्यांत वडील, त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. "आबा, द्येवाला भायेर आना."

"बाईमानसानं मदी बोलू न्हाई, इठाबाई."

"जत्रंला पालकीतनं मुकवटा भायेर येतो, तवा द्येव बाटतो का? तसाच आज पारावर आना. ह्यो आत जानार न्हाई. ह्येला आजार हाय." आणि सगळं सांगून टाकलं. गाडी, डॉक्टर, नळी, बैलाचं काळीज. महिपतीनं मान खाली घातली. भर बाजारात मी त्याचं धोतर फेडलं असतं तरी त्याला इतकं लागलं नसतं.

हसले. मागचे दोघे-तिघे खरोखरच हसले. गेणू मात्र हसला नाही. "हात थरथरनार हाय म्हनून आधीच आजार काढलाय! माजा भाऊ तुरुंगात हाय, बाई!"

"मग समद्यांनी उचला," मी म्हटलं. "भाकर समद्या घरातनं गेली. वाट समद्यांना ठावी हुती. आबा, तुमी पैले."

यावर कुणाला नाही म्हणता येईना. जो नाही म्हणेल तोच फितूर ठरणार. मुखवटा पारावर आणला, पिंपळाखाली घोंगडीवर ठेवला, पुढे बेल आणि भंडारा.

आबांनी ओंजळ भरली. सगळं गाव त्यांच्या बोटांकडे बघत होतं, आणि आबांना ते कळत होतं. ओंजळीतून पिवळा भंडारा घोंगडीवर सांडू लागला. "माज्या तोंडनं... न्हाई..." आवाज मध्येच अडकला. 

मग गेणू. त्याचा सख्खा भाऊ तुरुंगात होता. गेणूनं सांगितलं असेल असं आमच्या संशयी गावालाही स्वप्नात वाटलं नसतं. त्यानं ओंजळ उचलली आणि ती आबांच्यापेक्षा जास्त हलायला लागली. तो आपल्याच हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसा बघत राहिला. मग एक हात सुटून छातीवर गेला. "ह्ये काय व्हतंय? आबा, मला काय व्हतंय?"

सगळे मागे सरकले. पुढे गेला तो महिपती. त्यानं गेणूला पाराच्या कडेला बसवलं आणि त्याचं मनगट धरलं.

"पाय टेकीव भुईला. श्वास सोड. हळू. अजून हळू. गेणू, ऐक माजं, मरत न्हाई त्यानं मानूस. मी लय येळा मरून बगितलंय."

गेणूचा श्वास खाली येईपर्यंत तो तसाच बसून होता. मग उठला, मुखवट्यापुढे आला आणि त्यानं आपली ओंजळ भरली. ती थरथरत होती. तिच्याकडे कुणी बघितलं नाही.