चार बोटं अलीकडे

मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. लांबी तीन फूट, रुंदी चार बोटं, रंग लाल, तोही टोकांना उडालेला. मित्रांनो, माझ्याकडे बघून तुम्हाला वाटेल, हिच्याकडे सांगण्यासारखं असणार तरी काय! पण माझ्या हातून एक चूक झाली आहे. मला हात नाहीत, तरी असंच म्हणतात म्हणून म्हणते. ती चूक सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

आधी मी एका पलंगाची फळी होते. सिंगापूरच्या पूर्वेला बेडोक आहे, तिथल्या एका बाराव्या मजल्यावर तो पलंग होता. घरमालकांनी नवा घेतला आणि जुना लिफ्टशेजारी आणून ठेवला. दोन दिवस मी तिथे पडून होते. येणारे-जाणारे वळसा घालून जायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी एक चष्मेवाला गृहस्थ वाकला, त्यानं मला उचललं, डोळ्यासमोर धरून मी सरळ आहे ना ते पाहिलं आणि म्हणाला, "वा! अजिबात बाक नाही." इतकं कौतुक माझं आजवर कोणी केलं नव्हतं. मी तिथेच विरघळले.

हा चारुदत्त. मूळचा पुण्याचा, सिंगापूरच्याच आंग मो किओ भागातल्या एका कारखान्यात नोकरीला. त्याचं काम काय, तर मोजणाऱ्या यंत्रांना तपासणं. एखादा गेज केसभर जरी चुकीचं दाखवत असला तरी चारुदत्त त्याला पास करायचा नाही. बरोबर असला तर त्यावर हिरवा स्टिकर लावून सही करायचा. अशा माणसाच्या घरी मी गेले, हे ध्यानात ठेवा.

त्यानं मला मधोमध कापलं, घासलं, लाल रंग दिला. आम्ही एकीच्या दोघी झालो. दुसरी माझी बहीण. आम्हाला इंग्रजीत फॉल्ट लाईन म्हणतात. म्हणजे पाय पलीकडे पडला की चूक धरायची, ती रेघ. दुसऱ्याची चूक दाखवणं हाच आमचा जन्माचा धंदा, आणि बघा माझ्यावर काय वेळ आली!

हे सगळं चाललं होतं त्याच्या बायकोसाठी. निशिगंधा बँकेत नोकरी करायची. वय सेहेचाळीस. बेचाळिसाव्या वर्षी ती एका क्लबात पिस्तूल नेमबाजी शिकायला लागली. एका जागी उभं राहून नेम धरायचा, तो खेळ नव्हे हा. यात एका जागेवरून नेम साधायचा, मग पळत दुसऱ्या जागी जायचं, तिथून साधायचा, पुन्हा पळायचं. गुणांना वेळेनं भागतात. निशिगंधाचा नेम क्लबात सगळ्यांत चांगला होता. पाय मात्र घात करायचे. "तुम्ही पोचता, थांबता, मग पाय गोळा करता, मग हात वर करता. तोवर बाकीचे पुढच्या जागी गेलेले असतात," असं कोच टॅन म्हणाले होते. क्लबाचा चार जणांचा संघ बाहेरच्या स्पर्धेला जाणार होता. त्यात जागा मिळवायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

बंदूक काही घरी आणता येत नाही, ती क्लबाच्या कुलपात. पण पाय घरचेच असतात ना! म्हणून आमच्या ब्लॉकच्या तळमजल्यावर, खांबांमधल्या मोकळ्या जागेत, रोज सकाळी सराव सुरू झाला. चारुदत्त माझ्या बहिणीला एका टोकाला ठेवायचा आणि मला बरोबर सहा मीटरवर. फोनमधून पीं असा आवाज आला की निशिगंधानं बहिणीपासून निघायचं, माझ्या अलीकडे पाय रोवायचे आणि रिकामे हात जोडून नेम धरायचा. हात स्थिर झाले की चारुदत्त अंगठा दाबायचा आणि आकडा वाचायचा.

पहिल्या दिवशीचा आकडा थ्री पॉइंट एट सेकंद. टॅन म्हणाले होते, थ्री पॉइंट टूच्या आत आलात तरच संघाचं बघू.

मित्रांनो, पाय टाकणं सोपं वाटतं, पण नसतं. निशिगंधा निघताना आधी एक पाऊल मागे घ्यायची, मग पुढे. ते मागचं पाऊल मोडायला दहा दिवस गेले. मग शेवटची पावलं लांब पडायची आणि ती माझ्यावरून घसरत पलीकडे जायची. ती पावलं आखूड करायला शिकली. गुडघे वाकवून पोचायला शिकली, पोचायच्या दोन पावलं आधीच हात वर न्यायला शिकली. एकोणीस वर्षांची लेक अवनी कॉलेजला जाताना थांबून बघायची. "आई, यू लुक लाइक अ क्रॅब लाह!" असं इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणायची. दगडी बाकावर बसणाऱ्या लिम आंटींना तर हा व्यायामाचाच प्रकार वाटायचा. "धिस ताय-ची व्हेरी फास्ट आह," त्या कौतुकानं म्हणायच्या, आणि निशिगंधा दम खात हसायची.

आकडा थ्री पॉइंट सिक्सवर आला आणि तिथेच अडला. एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. निशिगंधाचं हसणं बंद झालं. एकदा ती खांबाला टेकून खालीच बसली. "चारू, माझे पाय म्हातारे झाले रे," म्हणाली आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी चारुदत्त तिच्या आधी खाली आला. बहिणीला जागेवर ठेवलं. मला ठेवलं. मग इकडेतिकडे पाहिलं आणि बुटाच्या टोकानं मला अलगद सरकवलं. चार बोटं अलीकडे.

मला कळलं हो!  पण निशिगंधा धावत आली, हात स्थिर झाले आणि चारुदत्त म्हणाला, "थ्री पॉइंट फाइव्ह सेव्हन!" तिनं अशी आरोळी ठोकली की लिम आंटी बाकावरून उठल्या. तिनं वाकून माझ्यावर चक्क थाप मारली. "माझी लाडकी पट्टी!" म्हणाली. आणि मी, लाज वाटते सांगायला, मी सुखावले.

त्यानंतर दर सोमवारी चार बोटं. तळाला साधं सिमेंट, ना फरशी ना रेघ, तिला कळणार कशावरून? शिवाय मोजमापाच्या बाबतीत चारुदत्तवर शंका घेणं तिच्या स्वप्नातही नव्हतं. गंमत बघा, आकडा मात्र तो कधीच खोटा सांगायचा नाही. अंगठा बरोबर वेळी दाबायचा, शंभरावा भागही अचूक वाचायचा. "मी कुठे खोटं बोलतोय?" असं तो एकदा माझ्यापाशी वाकून पुटपुटला होता. मला वाटतं, स्वतःलाच समजावत होता.

आठ आठवड्यांनी आकडा आला थ्री पॉइंट टू. त्या दिवशी लिटिल इंडियातून जिलेबी आली. "पाय झाले," निशिगंधानं जाहीर केलं. "आता निवड चाचणीपर्यंत उरलेले तीन आठवडे फक्त हात." तिनं मांड्यांचे व्यायाम बंद केले. सकाळचं धावणंही बंद केलं. चारुदत्तची जिलेबी हातात तशीच राहिली. बोलायचं असेल तर तेव्हाच बोलायला हवं होतं. पण त्यानं तोंडातून ब्र काढला नाही.

निवड चाचणीला मी नव्हते. मला घरच्या चपलांच्या कपाटामागे ठेवलं होतं. संध्याकाळी दार उघडलं आणि निशिगंधाच्या बुटांचा आवाज ऐकूनच मी समजले. संघात जागा चार, आणि ती पाचवी आली होती. चौथ्यापेक्षा सेकंदभरानं मागे. एकही नेम चुकला नव्हता. वेळ गेला होता तो एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना.

"घरी येतं मला," ती सोफ्यावर बसून सारखं म्हणत होती. "घरी थ्री पॉइंट टू येतं, तिथे येत नाही. म्हणजे पायात काही नाही, खोट माझ्या मनात आहे. चार लोकांसमोर मी घाबरते."

"असं नसतं गं," चारुदत्त म्हणाला. बस, तेवढंच.

मित्रांनो, पुढचे तीन आठवडे कपाटामागे मी काय काय ऐकलं! ती क्लबात जाईना. बँकेत तिला मोठ्या साहेबांसमोर एक प्रेझेंटेशन द्यायचं होतं, ते तिनं दुसऱ्या कोणाला देऊन टाकलं. "मला नाही जमत दडपणाखाली, आता कळलंय ना," असं फोनवर मैत्रिणीला सांगितलं. वीस वर्षं नोकरी केलेली बाई! एका पट्टीवर विश्वास ठेवून तिनं स्वतःवरचा विश्वास घालवला होता. आणि ती पट्टी मी होते. रोज रात्री जेवताना चारुदत्त अर्ध्या ताटावरून उठायचा, हेही मला ऐकू यायचं.

एका शनिवारी सकाळी निशिगंधानं आम्हा दोघींना काखोटीला मारलं. "टाकून येते यांना," म्हणाली. चारुदत्त मागोमाग खाली धावला, पायात एक चप्पल अवनीची.

"थांब, निशी. एकदा ठेव त्यांना. सरावाच्या शेवटच्या दिवशी होत्या तशा मी ठेवतो."

त्यानं आम्हाला अचूक त्याच जागी ठेवलं. त्याच्या इतकं अचूक कोण ठेवणार? मग खिशातून टेप काढला आणि तिच्या हातात दिला. तिनं काही न समजून मोजलं.

"पाच मीटर चाळीस," ती म्हणाली. पुन्हा मोजलं. "पाच चाळीस. म्हणजे?"

"मी सरकवत होतो. दर सोमवारी."

"का?"

"तू रडलीस त्या दिवशी. मग सरकवली तर हसलीस. मला वाटलं, हुरूप येईल, मग हळूहळू परत मागे नेईन."

निशिगंधानं टेप जमिनीवरून उचलला. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "पट्टीचं सोड, चारू. मी तीन आठवडे स्वतःला भित्री म्हणतेय. तू समोर बसून ऐकत होतास. रोज ऐकत होतास."

चारुदत्तनं मान खाली घातली.  तिनं ओरडायला हवं होतं, मला लाथ मारायला हवी होती, मोडून टाकायला हवं होतं. तिनं तसं काही केलं नाही. टेप गुंडाळला आणि एकटीच लिफ्टकडे गेली.

चार दिवस घरात फक्त भाजी आणि गॅसबद्दल बोलणं झालं. पाचव्या दिवशी सकाळी ती आम्हाला घेऊन खाली आली. टेप लावून सहा मीटर मोजले. एकदा, दोनदा. मला ठेवलं आणि सिमेंटवर माझ्या कडेनं खडूची रेघ ओढली. ती धावायला उभी राहिली तेवढ्यात चारुदत्त आला. हात पुढे करून म्हणाला, "नीट आहेत का बघू?"

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "तू टाइमर धर. आणि जो येईल तो आकडा वाच."

पीं वाजलं. ती निघाली. मागे पाऊल नाही, शेवटची पावलं आखूड, गुडघे वाकलेले. माझ्या अलीकडे पाय रोवले आणि हात स्थिर झाले.

चारुदत्तनं अंगठा दाबला. "थ्री पॉइंट फोर," तो म्हणाला.

पहिल्या दिवसापासून चार दशांश कमी! खरे, पूर्ण सहा मीटरचे. मला वाटलं, आता ही हसणार. ती हसली नाही. कमरेवर हात ठेवून तिनं तो आकडा दोनदा स्वतःशी म्हटला. "म्हणजे मी घाबरले नव्हते," ती म्हणाली. "माझे पाय थ्री पॉइंट फोरचेच होते आणि तिथेही थ्री पॉइंट फोरनंच धावले." मग ती परत बहिणीपाशी जाऊन उभी राहिली. त्या सकाळी ती सोळा वेळा धावली. चारुदत्त सोळाही आकडे मोठ्यानं वाचत होता, त्यातले निम्मे थ्री पॉइंट फोरच्या वरचे होते.

तिनं त्याला माफ केलं की नाही, मला ठाऊक नाही. संघ तिच्याशिवाय गेला, ती संधी काही परत आली नाही. मला आता रोज टेपनं मोजून ठेवतात. ती लाडानं थाप मात्र मारत नाही, आणि मी ती मागणारही नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी धापा टाकत काही शिकत असेल, तर त्याला पाणी द्या, बसायला जागा द्या, हवं तर सोबत रडा. पण त्याची पट्टी सरकवू नका. आणि एखाद्या दिवशी सरकवलीच, तर त्याच दिवशी सांगून टाका. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.