पेनड्राईव्हचं इचारायचं होतं

माझं बांगड्यांचं दुकान आणि केदारनाथचं कॉम्प्युटरचं दुकान यांच्यामध्ये पत्र्याची भिंत आहे. भिंत आपली नावालाच. पलीकडं कुणी कूस बदलली तरी अलीकडं मला कळतं. म्हणून दिंद्रुडच्या स्टँडवर 'जानकीबाईचे कान तिखट' अशी माझी ख्याती आहे. असू दे. मी ऐकलेलं सगळंच सांगत फिरत नाही. हे मात्र सांगणार.

केदारनाथ लग्नपत्रिका करून द्यायचा. दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात त्याचा जुना कॉम्प्युटर कायमचा बसला. नवा आणला, तर त्याच्यावर मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर चालेना. केदारनाथ डोक्याला हात लावून बसला. तेव्हा त्याची बायको शिवानी जेवणाचा डबा घेऊन आली होती. चौसाळ्याची पोरगी, लग्नाला वर्ष व्हायचं होतं, कॉम्प्युटरचंच शिकलेली. तिनं पदर खोचला आणि संध्याकाळपर्यंत नव्या कॉम्प्युटरच्या आत, पडद्यावरच्या एका खिडकीत, अख्खा जुना कॉम्प्युटर चालू करून दिला. मोठ्या पातेल्यात लहान पातेलं ठेवावं तसा. आत जुनं टायपिंग, बाहेर नवे रंगीत फोटो. मी मुद्दाम उठून बघून आले.

मग शिवानी रोजच डबा घेऊन यायला लागली आणि रोजच बसायला लागली. दोघांच्या खुर्च्या शेजारी शेजारी. ती काही सांगायची, तो हसायचा, आणि भिंतीअलीकडं मला उगाचच बरं वाटायचं.

केदारनाथचे वडील ईश्वरप्पा. कपाळावर विभूतीचे पट्टे, आवाज आडत बाजारातला. त्यांना हे काही रुचेना. एकदा तेलगावच्या बंकट नावाच्या गिऱ्हाइकानं दुकानात सहज विचारलं, "ही आतल्या कॉम्प्युटरची करामत कुणाची?" ईश्वरप्पा म्हणाले, "आमच्या केदारची. अन् सूनबाई, तुमी घरी जा. आमच्या घरच्या सुना स्टँडवर बसत न्हाईत."

शिवानीनं नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं कॉम्प्युटरच्या पडद्यात डोकं घातलं. तिनं रिकामा डबा उचलला आणि गेली. पुढं दिवाळीला तिचा भाऊ न्यायला आला, त्याच्याबरोबर ती चौसाळ्याला गेली, ती गेलीच. तुळशीची लग्नं झाली, माणसांची सुरू झाली, तरी परत नाही. ईश्वरप्पा म्हणायचे, त्यांनी आणून सोडावी. तिचे वडील म्हणायचे, त्यांनी न्यायला यावं. दोघंही म्हातारे हटून बसले. पोरगी मात्र परत येते की कायमची तिथंच राहते, याचा घोर कुणाला असेल तर तो केदारनाथला आणि, खोटं कशाला बोलू, मला. मला त्या पोराचा राग यायचा आणि त्याचा वाळलेला चेहरा बघून कीवही यायची.

अशात बंकट आपल्या लेकीच्या पत्रिकेसाठी आला. पेनड्राईव्ह एकच, त्यात मजकूर जुन्या टायपिंगमधला आणि नवरा-नवरीचे फोटोही. मजकूर आतल्या कॉम्प्युटरला हवा, फोटो बाहेरच्याला. पेनड्राईव्ह घातला की आत जायचा आणि बाहेर दिसायचाच नाही. केदारनाथनं पुढच्या भोकात घातला, मागच्या भोकात घातला, फुंकर मारून घातला. शेवटी ईश्वरप्पा समोर बसलेले असतानाच त्यानं चौसाळ्याला शिवानीला फोन लावला. त्याचा मोबाईल चायनाचा. कानाला लावला तरी अख्ख्या स्टँडला ऐकू जायचा.

"हॅलो, मी केदारनाथ."

"नाव दिसतंय मला. बोला."

"ते... पेनड्राईव्हचं इचारायचं होतं."

तिकडं चालू असलेला टीव्ही तिनं बंद केला. मग म्हणाली, "इचारा."

त्यानं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "भोक कोणतंबी घ्या, काय फरक न्हाई. आतला कॉम्प्युटर चालू आसला की पेनड्राईव्ह तोच घेतोय. मीच तसं लावून ठिवलंय. एका येळंला एकालाच मिळतोय तो, दोघांला न्हाई."

"म्हणून मी काढून परत घातला."

"वढून काढला?"

केदारनाथनं पेनड्राईव्हवरचा हात मागं घेतला.

"अवो, वढून कावून काढता? गिऱ्हाइकाचा मजकूर जाईल की! आधी आतल्या खिडकीत, खाली कोपऱ्यात, काढायचंय म्हणून सांगा. त्यानं बरं म्हणलं की वरच्या यादीत पेनड्राईव्हच्या नावापुढची खूण काढा. मग हात लावू नका. बाहेरचा घेतोय आपसूक."

त्यानं तसं केलं. थोड्या वेळानं कॉम्प्युटर वाजला आणि बंकट ओरडला, "आली बे! आमची पोरगी दिसाय लागली!"

काम झालं. बंकट चहा सांगायला गेला. केदारनाथनं फोन काही ठेवला नाही.

"अन् परत आत न्यायचा आसला तर?"

"बाहेरचे फोटो बंद करा अन् तीच खूण परत घाला."

"हां. अन् समजा आतला कॉम्प्युटर बंदच केला, तर?"

"तर बाहेरच ऱ्हाईल."

"हां. अन् समजा..."

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. पुन्हा पेनड्राईव्ह, पुन्हा तीच खूण. तिसऱ्या दिवशीही तेच. लग्नाच्या बांगड्या भरायला आलेल्या बायकांनासुद्धा पेनड्राईव्ह कसा काढायचा ते पाठ झालं. एक तर हात पुढं करून म्हणाली, "आधी आतल्याला सांगा, मग काढा." आम्ही हसून लोटपोट झालो. ईश्वरप्पा खुर्चीत बसून सगळं ऐकायचे. शिवानीही रोज न कंटाळता पहिल्यापासून सांगायची. पण एका दुपारी ती मध्येच थांबली.

"हे तुमाला येतंय. चांगलं येतंय. मग फोन कावून करता?"

"पेनड्राईव्हचं..."

"पेनड्राईव्हचं झालं. माझं काय?"

माझ्यासमोर गिऱ्हाईक हात पुढं करून बसलं होतं. मी बांगडी तशीच त्या बाईच्या बोटांवर ठेवली आणि लाज सोडून केदारनाथच्या दारात जाऊन उभी राहिले. बोल रे बाबा, आता तरी बोल, असं मनात चाललेलं. पोरानं एकदा बापाकडं पाहिलं. कपाळावरचा घाम पुसला.

"तू न्हाईस तर मला इथं करमत न्हाई," तो म्हणाला. "लई आठवण येती. न्यायला येऊ का?"

"कुणाला इचारताय? मला का अप्पाला?"

"तुला. अन् ते आतल्या कॉम्प्युटरचं काम तू केलंतं. त्या दिशी मी सगळ्यांदेखत सांगायला पायजे होतं. आता सांगतो. हितली खुर्ची तुझी हाय."

तिकडं ती रडत होती की हसत होती, त्या चायना मोबाईलमधून कळायला मार्ग नव्हता. "या मग," एवढंच म्हणाली. "पर आजच या."

ईश्वरप्पा उठून उभे राहिले. "आमच्यात पोरं असं पळत न्यायला जात न्हाईत, केदार."

"मी जातो, अप्पा," केदारनाथ म्हणाला. तोवर पायात चपला चढल्याही होत्या. कॉम्प्युटर चालूच ठेवून तो एसटीमागं पळाला.

ईश्वरप्पा एकटेच त्या पडद्यासमोर बसून राहिले. मला वाटलं, आता संध्याकाळी या घरात रण माजणार. तेवढ्यात बंकट आला. पत्रिकेत दोन नावं राहिली होती.

"केदार कुठं गेला?"

ईश्वरप्पांनी घसा खाकरला. "सुनंला आणायला गेलाय," ते म्हणाले, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं. "बसा तुमी. हे आतलं-बाहेरचं समदं तिनंच केलंय. केदारला कुठलं येतंय."

बंकट आ वासून बघत राहिला. ईश्वरप्पांनी त्याचाच मोबाईल मागून घेतला, खिशातल्या वहीतून व्याह्यांचा नंबर काढून मला लावायला सांगितला. लागल्यावर त्यांनी आधी आपल्यातला नमस्कार घातला, "शरणार्थ. पोरगा निघालाय, गरम दोन घास घाला त्याला. अन् जरा सूनबाईजवळ द्या."

ती फोनवर आल्याचं मला कळलं, कारण म्हाताऱ्याचा आडत बाजारातला आवाज एकदम खाली आला.

"बाळ, पत्रिकंत दोन नावं ऱ्हायलीत. गिऱ्हाईक बसलंय. न्हाई न्हाई, घाई काय न्हाई. तू आल्याबगर हितं कुणी हात लावणार न्हाई."