कोणा एकासाठी नसलेलं

डाव्या इयरफोनचं रबर कुठंतरी पडलं होतं, त्यामुळे धाकटी बहीण उजव्याच कानात बोलत होती — गुलाबावर कीड दिसली तर साबणाचं पाणी फवारा, घाई नको, पण उशीरही नको... उशीर. त्यानं भाग तिथंच थांबवला. हे माझ्यासाठी होतं, त्याला वाटलं. वडील गेले तेव्हा तो परगावी एक अहवाल सादर करत होता. संध्याकाळपर्यंत पोचतो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून ती त्याच्याशी बोलत नाही. झाडांविषयी मात्र दर बुधवारी आपल्या पॉडकास्टवर बोलते, वीस मिनिटं, ज्याला हवं त्यानं ऐकावं. आणि तो ऐकतो — घरातलं माणूस भिंतीकडं तोंड करून आपल्यालाच सुनावत असावं, तसं.

समोर प्रश्नावली होती. श्रोत्यांची पाहणी, दोन हजार माणसं, आणि पहिल्या प्रश्नाआधी पॉडकास्ट म्हणजे काय हे एका वाक्यात सांगायचं. कारण नुसतं विचारलं तर निम्मे लोक रेडिओ सांगतात आणि सुशिक्षित लोक काहीच माहीत नसताना 'हो' म्हणतात. अकरा मसुद्यांनंतर वाक्य झालं होतं: 'आधी रेकॉर्ड केलेलं, भागाभागांनी येणारं, हवं तेव्हा ऐकता येणारं बोलणं.' वीस वर्षांच्या नोकरीत इतकं सुटसुटीत काही त्याच्या हातून झालं नव्हतं. सकाळी चाचणीला आलेल्या निवृत्त नर्सबाईंनी ते दोन मिनिटांत मोडलं.

"ऐकते ना," त्या म्हणाल्या होत्या. "रोज. माझ्या मुलाचं."

"मुलगा पॉडकास्ट करतो?"

"तुम्हीच वाचलंत ना आत्ता. रेकॉर्ड करून पाठवतो, रोज एक. मला हवं तेव्हा ऐकते. कालचा भाग त्याच्या सर्दीचा होता."

"अहो, ते व्हॉइस मेसेज झाले. तुम्हालाच पाठवलेले."

"मग? मला पाठवलं म्हणून बाद?"

त्यानं फॉर्मवर 'अर्थ समजण्यात अडचण' असं लिहिलं. बाईंना अडचण नव्हतीच.

विभागप्रमुख त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, 'सर' म्हणत म्हणत कामाला लावणारी. "सर, नर्सबाई बाहेर राहतील असं काहीतरी घाला. साडेचारला पाठवायचंय."

"काय घालू?"

"कोणा एकासाठी नसलेलं."

"म्हणजे कोणासाठीच नसलेलं?"

"सर, तत्त्वज्ञान नको. तीन शब्द आहेत."

तीन शब्द. बोटं कीबोर्डवर आणि डोक्यात तीन वर्षांचे बुधवार... पाणी घालायला विसरून झाड मारणारे लोक, असं बहीण एकदा म्हणाली होती. मुळं दुखावली की झाड बराच काळ गप्प राहतं, असंही — आणि त्या रात्री त्याला किती बरं वाटलं होतं, कारण 'बराच काळ' म्हणजे कायमचं नव्हे. त्यानं टाइप केलं: 'मुख्यतः कोणा एकासाठी नसलेलं'. 'मुख्यतः'च्या फटीत एक भाऊ सहज मावला असता. पण विभागप्रमुख विचारणार, मुख्यतः म्हणजे किती टक्के? शिवाय हजार उत्तरांतली आपल्याला हवी तेवढीच वेचणाऱ्या एका सहकाऱ्याला त्यानं स्वतः घरी पाठवलं होतं. त्यानं 'मुख्यतः' खोडलं. चार अठ्ठावीसला वाक्य गेलं.

मग राहिलेला भाग लावला. बहीण गुलाबावरून नेच्याकडं वळली होती. नेच्याला थेट ऊन सोसत नाही, खिडकीपासून हातभर आत ठेवा... तो वाट पाहत राहिला; खिडकी, ऊन, हातभर अंतर — कुठूनतरी आपण आत शिरू. ती मातीविषयी बोलली, कुंडीच्या भोकाविषयी बोलली, मधेच शिंकली आणि 'माफ करा' म्हणाली, सगळ्यांनाच. आवाज चांगला होता तिचा, निवांत. त्यात राग कुठंच नव्हता, आणि कधीपासून नव्हता कोण जाणे. त्यानं थोडं मागं नेऊन पुन्हा ऐकलं. ती नेच्याविषयीच बोलत होती.