दोन ठोके, मग एक

मित्रांनो, मी एक जुना हातोडा आहे. चिलीच्या वाळवंटात, कोपियापोच्या एका लोहाराने मला घडवलं. माझा दांडा मात्र एलादियो नावाच्या खाणकामगाराने स्वतः तासून बसवला. त्याच्याबरोबर मी चांदीच्या खाणीत उतरायचो. छिन्नीवर बसणारा माझा घाव पाहून जुनी माणसंही मान डोलवायची. तेव्हा मला भारी मिजास होती.

घरी परतलं की एलादियो माझ्या दांड्याने दारावर दोन ठोके द्यायचा, थांबायचा, मग आणखी एक.

"काय हो, चांदी खाणाऱ्या पाखराने वाट दाखवली का आज?" त्याची बायको दोमितिला आतून विचारायची.

"दाखवली ना. थेट तुझ्या पातेल्याकडे." चांदी खाऊन जगणारं एक पाखरू नशीबवान खाणकामगाराला चांदीची वाट दाखवतं, अशी आमच्याकडची दंतकथा.

एका सकाळी खाणीचं छत कोसळलं. आम्ही दोघं दगडांपलीकडे अडकलो. एलादियोचा पाय चेंगरला होता, पण तो शुद्धीवर होता. तो मला खडकावर आपटू लागला. दोन, मग एक. पलीकडे पावलं वाजली आणि मला वाटलं, सुटलो.

पावलं परत गेली. एवढ्या दगडांखाली माणूस वाचत नाही, असं सगळे धरून चालले होते. आणि खडकातून ठोके आले तर ते मेलेल्यांचे, अशी आमच्याकडची समजूत. मग मेणबत्ती लावायची, दगडावर घोटभर दारू ओतायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिकडे फिरकायचं नाही.

पुढचं मला दोमितिलामुळे कळलं. आयुष्यभर ती तेच सांगत राहिली. खाणीच्या तोंडाशी एका कामगाराने भुताचे ठोके कसे आले, ते बादलीवर वाजवून दाखवले. ते ऐकून ती ताडकन उठली.

"हे तर माझ्या दारावरचे ठोके. जिवंत आहे तो!"

"मेलेली माणसं ओळखीच्याच खुणेनं बोलावतात, पोरी," मुकादम डॉन अनासेतो म्हणाले.

"मग सरका. मी जाते आत."

"बाईचं पाऊल आत पडलं की चांदी पळते. अख्ख्या वस्तीच्या पोटावर पाय देतेस का?"

चार जणांनी तिला धरून ठेवलं. आत एलादियो ठोकत होता. शेवटी शेवटी मीच त्याला जड झालो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दगड उपसले. मी त्याच्या मुठीतच होतो आणि ती मूठ अजून कोमट होती. डॉन अनासेतोंनीच ती सोडवली. पुढे चांदी संपलीच, आणि खाणीत बाईचं पाऊल कधी पडलं नव्हतं.

दोमितिलाने मला दाराशी खिळ्याला टांगलं. वाऱ्याने मी दारावर आपटलो की ती म्हातारी होईपर्यंत उठून दार उघडायची. आता वस्ती ओस पडली आहे आणि मी गंजलो आहे. माझा गंज नाही पुसलात तरी चालेल, मित्रांनो. पण आतून कुणी ठोकलं, तर मेणबत्ती नंतर लावा. आधी हाक मारून विचारा, कोण आहे म्हणून. एलादियो उत्तर द्यायला होता हो.