मोठ्या मॅडमच्या हातची सुई

चंद्रभागाबाईंची सून मोठ्या हुद्द्यावर आहे हे सुरतच्या नवागामात ज्याला ठाऊक नसेल, तो एकतर कालच्या भुसावळ गाडीने उतरलेला असायचा किंवा ठार बहिरा. सुरतेपासून वलसाडपर्यंत आणि तिकडे डांगाच्या डोंगरातल्या शेवटच्या पाड्यापर्यंत जेवढी म्हणून लहान पोरं, तेवढ्यांच्या लसींचा कारभार दीप्तीच्या हातात. तिला सरकारी क्वार्टर मिळत होतं, पुढे बाग असलेलं. चंद्रभागाबाई म्हणाल्या, "बागेत काय मी चरू?" आणि विषय तिथेच मिटला. त्यामुळे रोज सकाळी सरकारी गाडी नवागामातल्या त्या अरुंद गल्लीच्या तोंडाशी उभी राहायची. दीप्ती भाजीच्या हातगाडीला वळसा घालून गाडीत बसायची आणि चंद्रभागाबाई ओट्यावरून ओरडायच्या, "दीप्ती, मिटिंगला जातांना पाण्याची बाटली घेतली का व?" पाण्याचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. मिटिंग हा शब्द गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचायला हवा होता.

घरात मात्र कायदा वेगळा. घरात शिरलं की, "तुला भाकर थापता येत नाही, तुला सुईत दोरा ओवता येत नाही, तुझ्या मायने तुला नंदुरबारला नुसती पुस्तकंच खाऊ घातली का?" सुनेचं तोंडावर कौतुक केलं की ती डोक्यावर बसते, असं चंद्रभागाबाईंचं ठाम मत होतं. आणि बाहेर कौतुक केलं नाही तर गल्ली डोक्यावर बसते, हेही तितकंच ठाम. दीप्ती हसायची आणि वाकडीतिकडी भाकर मुकाट्याने खायची, कारण ती तिनेच थापलेली असायची.

दिवाळी सरली आणि रेल्वेलाइनपलीकडच्या वस्तीत गोवर निघाला. आधी एका घरात, मग चार घरांत. एक लेकरू तर दवाखान्यात नळी लावून पडलं. दीप्तीच्या फोनला उसंत राहिली नाही. तिने तिथल्या तिथे अख्ख्या विभागात मोहीम लावली. आधी लस घेतलेली असो वा नसो, नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या प्रत्येक पोराला गोवराचा एक डोस जादा द्यायचा. आंगणवाड्या ठरल्या, नर्सा ठरल्या, आशाबेन, म्हणजे आशा कार्यकर्त्या, दारोदार फिरल्या.

ही बातमी गल्लीत आली तेव्हा बायका चंद्रभागाबाईंच्या ओट्यावर बसून साड्यांचे धागे कापत होत्या. पर्वत पाटियाच्या मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे येतात, उलट्या बाजूचे लोंबणारे धागे कापून परत जातात. हात कातरीवर असतात, तोंड मोकळं. समोरच्या घरातली इंदुबाई म्हणाली, "अक्का, आपल्या पोरांना कोण टोचनार? ती कोसाडची सुषमा सिस्टर येनार म्हणे."

"येऊ दे," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "तिला दुसऱ्या गल्ल्या आहेत. आपल्या गल्लीला सुषमा कशाला? घरात सगळ्यांची साहेबीण बसलीये. आपल्या पोरांना मनी सून टोचेल, माझी दीप्ती. या ओट्यावर. सिस्टरांना सुई धरायला शिकवते ती!"

"खरंच का व माय?" वैशालीने विचारलं. तिच्या मांडीवर दहा महिन्यांचं पोर होतं. त्याला पहिली आंघोळ चंद्रभागाबाईंनीच घातली होती आणि त्या हक्काने त्या त्याला रोज 'लबाडा' म्हणत.

"मग! आंगणवाडीच्या रांगेत उन्हात उभं राहायला आपण काय रेशनला आलोय? चैतालीलासुद्धा मी नेणार नाही," चंद्रभागाबाई म्हणाल्या. चैताली ही दीप्तीची चार वर्षांची मुलगी, आजीच्या शब्दाबाहेर न जाणारी, आईच्या हमखास जाणारी.

बोलून झालं, धागे कापून झाले, चहा झाला. चंद्रभागाबाई विसरूनही गेल्या. गल्ली विसरली नाही.

सुषमा सिस्टर मोपेडवर बर्फाचा निळा डबा बांधून आली, आंगणवाडीत बसली आणि संध्याकाळी तसाच डबा घेऊन गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिने घरोघरी जाऊन हाका मारल्या, तर बायका गोड हसून म्हणायच्या, "तुम्ही नका त्रास घेऊ सिस्टर, आमचं मोठ्या मॅडमशी बोलणं झालंय."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दीप्ती घरी आली ती चप्पल न काढताच खुर्चीत बसली. "आई," ती म्हणाली, "डांगातल्या बायका डोंगर उतरून आल्या. अमरोलीत झालं, डिंडोलीत झालं. अख्ख्या विभागात सगळ्यात कमी पोरं कुठे आली सांगू? माझ्या स्वतःच्या गल्लीत. आणि का आली नाहीत, तेही आज सिस्टरने सांगितलं."

चंद्रभागाबाई मटार सोलत होत्या. त्यांनी एक शेंग फार काळजीपूर्वक सोलली.

"मग टोच ना तू," त्या म्हणाल्या. "गल्लीपुरतं. दोन तासांचं तर काम."

"मी शिकत असतांना टोचल्या तेवढ्याच. कितीतरी वर्षं झाली. सुषमाचा हात रोजचा आहे, पोराला कळायच्या आत तिचं झालेलं असतं. मी टोचलं तर पोरंही रडतील आणि मीही."

"मग तू तिथे करते काय? इन्चार्ज म्हंजे सगळ्यात जास्त टोचणारी नव्हे?"

दीप्ती थकली होती, तरी तिला हसू आलं. "आई, इंदुमावशींच्या घरच्या लग्नात पुरणाचे मांडे झाले. तुम्ही किती केले?"

"एक नाही! मी करू? मी उभी होते. पुरण कोणी वाटायचं, खापर कोणी सांभाळायचं, कोणाचा हात पातळ चालतो, कोणाचा फाडतो, सगळं कोण बघत होतं? मी नसते तर वऱ्हाड उपाशी गेलं असतं."

"तर मी तेच करते."

चंद्रभागाबाईंचा हात थांबला. त्यांनी सुनेकडे पाहिलं, जणू ही एवढी वर्षं घरात कोणीतरी दुसरीच वावरत होती. मग तोंड वाकडं करून म्हणाल्या, "हे आधी सांगता येत नव्हतं?"

"तुम्ही विचारलंत का?" दीप्ती म्हणाली आणि मग तिचा आवाज उतरला. "पलीकडे आज आणखी दोन पोरं गोवराची निघाली. लाइन ओलांडून इकडे यायला गोवराला तिकीट लागत नाही. लस दिल्यावर अंगात जोर यायला दिवस जातात. वैशालीच्या बाळाने तर अजून पहिलाही डोस घेतलेला नाही. त्याला काही झालं तर मी काय तोंड दाखवू?"

तोंड लपवायची पाळी खरी आपल्यावर येईल, हे चंद्रभागाबाईंना बरोबर समजलं होतं. लबाडाच्या अंगावर पुरळ आलेलं त्यांना डोळ्यांपुढे दिसलं आणि मटाराची परात त्यांनी बाजूला सारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर कातऱ्या चालू झाल्या, तशी त्यांनी घसा खाकरला. "ऐका व. उद्या सगळ्यांनी पोरं घेऊन आंगणवाडीत जायचं. सुषमाकडून टोचून घ्यायचं. मनी सून टोचणार नाही."

"का व अक्का?"

आता हे कसं बोलायचं? घरात जे रोज फुकट वाटत होत्या ते शब्द बाहेर काढताना जीभ जड झाली. "तिला येत नाही," त्या म्हणाल्या. "तिच्या हाताला सवय नाही. माझ्या घरात तिला सुईत दोरा ओवता येत नाही, तुमच्या पोरांना काय टोचेल!"

कातऱ्या थांबल्या. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग इंदुबाई पदराआड हसली. "आज काही वाजलं वाटतं सासूसुनेचं?"

"वाजलं कशाला? खरं सांगते!"

"सांगा, सांगा. सासवा असंच सांगतात. मनी सासूसुद्धा सांगायची, मला चहा येत नाही. एवढी शिकलेली सून, गाडीत फिरते, म्हणे सुई येत नाही!"

"अक्का, तुम्ही मॅडमवर राग नका काढू," वैशाली समजुतीने म्हणाली. "आम्ही थांबतो. आठ दिवस लागू द्या, पंधरा लागू द्या. त्यांना वेळ झाला की त्यांच्याच हातचं घेऊ."

चंद्रभागाबाई जन्मात इतकं खरं कधी बोलल्या नव्हत्या आणि जन्मात इतकं कोणी त्यांना खोटं पाडलं नव्हतं. त्यांनी शिव्या दिल्या, बायका हसल्या. त्यांनी देवीची शपथ घेतली, तर इंदुबाई म्हणाली, "बापरे, भांडण बरंच मोठं दिसतं."

त्या रात्री दीप्तीच्या नवऱ्याने, योगराजने, आईला विचारलं, "काय झालं, जेवत का नाही?" तर उत्तर मिळालं, "तू गप जेव."

सकाळी चंद्रभागाबाईंनी ठेवणीतली जरीकाठी नेसली, चैतालीला कडेवर घेतलं आणि गल्लीच्या मधोमध चालत निघाल्या. वळचणीने नाही, मधोमध. घराघरातून डोकी बाहेर आली. सून साहेबीण झाल्यापासून ही बाई कशाच्याही रांगेत उभी राहिली नव्हती. बँकेत गेली तरी "दीप्ती मॅडमची सासू" म्हणत सरळ टेबलाशी जायची. ती आंगणवाडीच्या दाराबाहेर जाऊन उभी राहिली. पलीकडच्या गल्लीच्या पाचसहा बायका पुढे होत्या. सुषमा सिस्टर लगबगीने उठली. "माजी, तमे आवो ने, आत बसा, पहिलं तुमचं करते."

"माझ्या पुढे माणसं दिसत नाहीत का तुला?" चंद्रभागाबाई कडाडल्या. "तू तुझं काम कर. मी माझ्या नंबराने येईन."

ऊन चढत होतं. चैताली चांगली वजनदार होती. चंद्रभागाबाईंनी तिला या कडेवरून त्या कडेवर घेतलं, पण सावलीत सरकल्या नाहीत. सावलीतून गल्ली दिसत नव्हती आणि गल्लीला त्या दिसल्या नसत्या.

पहिली वैशाली आली, धापा टाकत. "अक्का, तुम्ही रांगेत?"

"मग कुठे, सिंहासनावर? नातीला गोवर झाला तर तू येणार का रात्री जागायला? मागे उभी राहा. आणि लबाडाच्या डोक्यावर पदर घाल."

वैशाली मागे उभी राहिली. मग शेजारची पार्वती आली तिच्या दोन्ही नातवंडांना ओढत, मग आणखी कोणी. अक्का रांगेत आहेत ही बातमी मिटिंगपेक्षा जोरात पसरली. शेवटी इंदुबाई आपल्या नातवाला घेऊन आली आणि हळूच मध्ये घुसायला बघू लागली.

"इंदे! शेपूट तिकडे आहे."

अर्धी गल्ली उभी राहिली असेल, तेवढ्यात सरकारी गाडी येऊन थांबली आणि दीप्ती उतरली. सासूला जरीकाठी नेसून उन्हात रांगेत उभी पाहून तिचे पाय जागच्या जागी थांबले. पण रांगेला वेगळंच सुचलं. "मॅडम आल्या! आता मॅडमच टोचतील! थांबा व, सिस्टरकडून नका घेऊ!" म्हणता म्हणता पुढच्या दोघी मागे सरल्या, पार्वतीने नातू उचलला आणि सरळ चाललेली रांग मोठ्या मॅडमभोवती गोल झाली.

सकाळपासूनचं सगळं पाण्यात जायला निघालं होतं. चंद्रभागाबाईंनी कोपरांनी वाट काढली. "बाजूला व्हा. माझा नंबर आलाय." त्यांनी चैतालीला सुषमासमोरच्या खुर्चीवर बसवलं आणि सुनेला हुकूम सोडला, "दीप्ती, इकडे ये. पोरीचे पाय धर."

"मी?" दीप्ती म्हणाली.

"तूच. स्वतःच्या पोरीला तू कोणाच्या हाती देतेस, ते बघू दे सगळ्यांना."

दीप्तीला तेव्हा उमगलं. ती सगळ्यांसमोर जमिनीवर बसली, साहेबीण असून, आणि लेकीचे पाय धरले. सुषमाने उजवा दंड पुसला, "पोपट बघ कुठे बसलाय," म्हणाली आणि चैताली पोपट शोधेपर्यंत सुई आत जाऊन बाहेर आली होती. पोरगी रडली, पण लसीसाठी नाही. पोपट नव्हता म्हणून.

मग वैशाली पुढे झाली आणि लबाडाला घेऊन खुर्चीत बसली. तो मात्र रडला, असा की तीन गल्ल्यांना कळावं. चंद्रभागाबाईंनी त्याला घेतलं, पाठीवर थोपटलं आणि स्वतःचे डोळे पदराने टिपले. घाम होता, असं त्यांचं म्हणणं.

रांग परत सरळ झाली. एकामागून एक दंड पुसले जाऊ लागले, अंगठ्याच्या नखावर खूण होऊ लागली. सुषमाला मान वर करायला फुरसत उरली नाही. डब्यातला बर्फ वितळायच्या आधीच बाटल्या संपतील असं दिसू लागलं, तशी दीप्ती फोन करून आणखी मागवायला बाजूला गेली.

इंदुबाई चंद्रभागाबाईंच्या कानाशी आली. "अक्का, तुमचं खरं होतं म्हणा. तुमच्या सुनेला सुई येतच नाही वाटतं."

कालपासून नेमकं हेच या बाईच्या डोक्यात उतरावं म्हणून चंद्रभागाबाईंनी जिवाचं रान केलं होतं. पण ऐकल्याबरोबर त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काय येत नाही? काय येत नाही तिला?" त्यांचा आवाज आंगणवाडीच्या पत्र्याला लागला. "ही बाटली गार कोणी ठेवली? हा डबा तुझ्या दारात कोणी धाडला? तिकडे डांगाच्या डोंगरावर सुई पोचते ती काय पाय फुटून चालत जाते? मनी सून एक फोन करते आणि हजार सुया चालतात, इंदे! एक सुई तर तूही टोचशील. हजार चालवून दाखव!"

दीप्ती फोन कानाला लावून वळली. सासूला आपल्यासमोर आपल्याबद्दल असं बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं. फोनवरचा माणूस हॅलो हॅलो करत राहिला.

"बरं व माय, हजार तर हजार," इंदुबाई म्हणाली. "पण तुम्ही आधी दारातून सरका. मागे पोरं खोळंबलीत."